ब्रेक्झिटची रात्र: निकाल येत असताना नेमकं काय पाहायचं होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निकालाचा दिवस म्हटलं की आमच्या घरात दूरचित्रवाणी संच सकाळपासून तापलेला असतो. आजोबांना आकाशवाणीवर निकाल ऐकत कागदावर आकडे मांडायची सवय होती, ती माझ्यापर्यंत आली. त्यामुळे २३ जून २०१६ च्या रात्री ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटचं, म्हणजे युरोपीय महासंघ सोडायचा की नाही यावरचं मतदान संपलं तेव्हा मी पुण्यात पहाटेचे अडीच वाजता कॉफीचा मग घेऊन बसलो होतो. माझी मावसबहीण तेव्हा लंडनजवळच्या स्लाउ गावात राहायची आणि तिनं स्वतः मत दिलं होतं. या दोन कारणांनी लोक मला त्या रात्रीबद्दल अजूनही विचारतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

मतपत्रिकेवर प्रश्न काय होता?

युनायटेड किंगडमनं युरोपीय महासंघाचं सदस्य राहावं की महासंघ सोडावा, एवढाच. खाली दोन चौकोन: राहावं, सोडावा. सुरुवातीच्या मसुद्यात उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं होतं. ‘हो’ म्हणणाऱ्या बाजूला जन्मतःच थोडा फायदा मिळतो, म्हणून तिथल्या निवडणूक आयोगानं शब्द बदलायला सांगितले. त्यातूनच ‘रिमेन’ (राहावं) आणि ‘लीव्ह’ (सोडावा) ही दोन नावं रूढ झाली. मीही खाली तीच वापरतो.

हे सार्वमत घ्यायचं कोणी ठरवलं?

हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी शब्द दिला, मे २०१५ मध्ये स्वबळावर बहुमत मिळालं आणि शब्द अंगाशी आला. ते स्वतः रिमेनच्या बाजूचे होते. युरोपच्या प्रश्नावर हुजूर पक्षात कित्येक वर्षं भाऊबंदकी चालू होती, ती एकदाची मिटवावी हा हिशेब होता. मिटली की नाही, हे पुढच्या सहा-सात वर्षांत त्या पक्षानं किती पंतप्रधान बदलले यावरून मोजा.

मत कोणाला देता आलं? भारतीयांनी मत दिलं म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर, ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मत होतं. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे पुण्यातून दोन वर्षांपूर्वी कामाच्या व्हिसावर गेलेला, खिशात भारतीय पासपोर्ट असलेला आयटीतला मुलगा ब्रिटननं युरोपात राहावं की नाही यावर मत देऊ शकत होता. आणि वीस वर्षं लंडनमध्ये राहून कर भरणारा फ्रेंच किंवा पोलिश माणूस देऊ शकत नव्हता. युरोपीय महासंघातल्या नागरिकांपैकी अपवाद फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांचा. त्यातले माल्टा आणि सायप्रस राष्ट्रकुलात आहेत म्हणून.

यात गोव्याची गोष्ट वेगळीच गुंतलेली आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा पोर्तुगीज मानतो आणि पुढच्या पिढ्यांनाही तो हक्क मिळतो. लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा आणि युरोपीय नागरिक म्हणून थेट इंग्लंडला जायचं, हा रस्ता हजारो गोवेकरांनी धरला. स्विंडनमध्ये आणि लंडनच्या साउथॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. परिणामी ज्यांचं सगळं भवितव्य या निकालावर टांगलेलं होतं त्या गोवेकराला मत नव्हतं, आणि शेजारच्या घरातल्या भारतीय पासपोर्टवाल्याला होतं. बहिणीच्या शेजारी गोव्यातल्या सासष्टीचं असंच एक कुटुंब राहायचं. मतदानाच्या दिवशी ही मत देऊन आली तेव्हा शेजारीण दारात उभी होती. बहीण म्हणते, त्या दिवशी तिच्या नजरेला नजर देणं जड गेलं.

मतदान यंत्रावर झालं का?

नाही. कागद आणि दोरी बांधलेली पेन्सिल. पेन्सिलनं केलेली फुली कोणीतरी रात्री खोडेल अशी आवई उठली आणि काही लोक घरून पेन घेऊन गेले. आपल्याकडे यंत्रावर संशय घेणारे आणि तिकडे पेन्सिलवर घेणारे यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

मोजणीही हातानं. आधी प्रत्येक पेटीतल्या कागदांची नुसती संख्या जुळवायची, मग एकूण किती टक्के मतदान झालं ते जाहीर करायचं आणि त्यानंतर गठ्ठे लावायचे. हा क्रम लक्षात ठेवा. निकालाच्या आधी टक्केवारी कळते आणि तीही बरंच काही सांगून जाते.

एक्झिट पोल का नव्हता?

सार्वत्रिक निवडणुकीत रात्री दहाच्या ठोक्याला बीबीसीवर एक्झिट पोल झळकतो. तो बहुतेक वेळा चक्रावून टाकण्याइतका अचूक असतो, कारण मागच्या वेळी ज्या मतदान केंद्रांबाहेर लोकांना विचारलं होतं तिथेच पुन्हा विचारून किती बदल झाला ते मोजलं जातं. सार्वमताला ‘मागची वेळ’च नव्हती. आधीचं युरोपवरचं सार्वमत १९७५ चं, तेव्हा ६७ टक्के लोकांनी राहायचं ठरवलं होतं. त्यावरून २०१६ चा अंदाज बांधणं म्हणजे आजोबांच्या पत्रिकेवरून नातवाचं भविष्य सांगणं. म्हणून वाहिन्यांनी एक्झिट पोल केलाच नाही.

त्याऐवजी दहा वाजता यूगव्ह या संस्थेनं, आधी ज्यांची मतं घेतली होती अशाच लोकांना त्या दिवशी पुन्हा विचारून काढलेला आकडा दिला: रिमेन ५२, लीव्ह ४८. इप्सॉस मोरीचा आकडा रिमेनला ५४ देत होता. लीव्हचा सगळ्यात बोलका चेहरा नायजेल फराज यांनी त्याच सुमारास, रिमेन थोडक्यात बाजी मारेल असं दिसतंय, असं म्हणून टाकलं. पाउंड चढून दीड डॉलरला टेकला. सट्टेवाल्यांच्या लेखी तर विषय संपला होता.

पहिले निकाल कुठून आले?

एकूण ३८२ मोजणी केंद्रं होती: इंग्लंडमध्ये ३२६, स्कॉटलंडमध्ये ३२, वेल्समध्ये २२, उत्तर आयर्लंड मिळून एक आणि जिब्राल्टरचं एक. मतदारसंघ नव्हे, स्थानिक परिषदांचे हद्दीप्रमाणे विभाग.

पहिला निकाल जिब्राल्टरचा. रिमेन १९,३२२, लीव्ह ८२३. जवळजवळ ९६ टक्के. स्पेनच्या कुशीत बसलेल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या त्या खडकाला युरोप सोडणं परवडणारच नव्हतं, त्यामुळे हा आकडा पाहून काहीही कळत नव्हतं. तरी माझ्या एका मित्रानं ‘झालं, राहिले’ असा निरोप पाठवला. भारतात तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते, त्यामुळे त्याला माफ केलं.

खरी सुरुवात ब्रिटनमधल्या मध्यरात्रीच्या ठोक्याला झाली. न्यूकॅसल: रिमेन ६५,४०४, लीव्ह ६३,५९८. रिमेन जिंकलं. आणि माझ्या मते रिमेन हरलं ते इथेच. विद्यापीठ असलेलं, तरुणांचं, मजूर पक्षाचं शहर; तिथे रिमेनला चांगली मोठी आघाडी मिळायला हवी होती. मिळाली ती जेमतेम १,८०६ मतांची. ५०.७ टक्के.

पंधरा-वीस मिनिटांत शेजारचं संडरलंड आलं. या गावाला सगळ्यात आधी निकाल लावायचा नाद आहे. १९९२ ते २०१५ पर्यंतच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत पहिला निकाल त्यांचाच. शाळा-कॉलेजातली पोरं मतपेट्या हातोहात पळवत आत नेतात. त्या रात्री न्यूकॅसलनं त्यांचा हा मान हिरावला, पण धक्का द्यायचं काम संडरलंडनंच केलं: लीव्ह ८२,३९४, रिमेन ५१,९३०. म्हणजे ६१.३ टक्के. तिथे लीव्ह जिंकणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण एक आकडी टक्क्यांनी. बावीस टक्क्यांनी नव्हे. निसानचा मोठा कारखाना याच गावात, तिथल्या गाड्या युरोपात विकल्या जातात, आणि तरीही. सभागृहात लीव्हचे कार्यकर्ते नाचत होते त्याच मिनिटाला पाउंडचा आलेख विहिरीत दगड टाकावा तसा खाली गेला.

परकीय चलनाच्या बाजारातल्या लोकांना दोन निकालांत कळलं. वाहिन्यांवरच्या पाहुण्यांना पुढचे चार तास ‘अजून सुरुवातच आहे’ असं म्हणावं लागलं.

३८२ पैकी दोन-तीन निकालांवरून कसं काय कळतं?

क्रिकेटमधली डकवर्थ-लुईसची पार धावसंख्या आठवा. पावसाचे ढग आलेत, दुसरा डाव चालू आहे, २० षटकांत १०५ धावा झाल्यात. चांगल्या की वाईट? नुसत्या १०५ वरून काही सांगता येत नाही. या क्षणी पार किती आहे ते पाहायचं. पार ११२ असेल तर फलंदाजी करणारा संघ मागे, मग समोरचा फलंदाज कितीही चौकार मारत असो.

सार्वमताच्या रात्री हेच. देशात बरोबर ५०-५० झालं असं धरायचं आणि मग प्रत्येक विभागात काय व्हायला हवं याचा तक्ता आधी बनवायचा. कुठे वय जास्त, कुठे पदवीधर जास्त, कुठे आधी युरोपविरोधी पक्षाला मतं पडली होती, यावरून. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले ख्रिस हॅनरेटी यांनी असा तक्ता आधीच प्रसिद्ध केला होता. तो डाव्या हाताला ठेवायचा, उजव्या हाताला आलेला निकाल, आणि मधला फरक पाहायचा. कोण जिंकलं हे पाहायचंच नाही. न्यूकॅसलमध्ये लीव्ह पारच्या पुढे. संडरलंडमध्ये खूपच पुढे. मग स्विंडन आलं, लीव्ह ५४.७. पुढे. बॅसिल्डन, लीव्ह ६८.६. पुढे. असे दहा-पंधरा निकाल एकाच दिशेला झुकले की सोळावा उलटा येईल ही आशा आशाच राहते.

मी फुशारकी मारतोय असं वाटेल म्हणून सांगतो: मीही त्या रात्री तक्ता उघडून बसलो होतो, आणि लंडन अजून यायचंय, लंडन सावरेल असं पहाटे सहापर्यंत स्वतःला समजावत होतो. आकडे समोर असताना न पटणं हा वेगळा आजार आहे.

मध्येच रिमेन आघाडीवर होतं ना?

होतं, काही वेळा. लंडनमधले मोठे विभाग आले तेव्हा एकूण बेरीज हेलकावे खात होती. लॅम्बेथमध्ये रिमेनला ७८.६ टक्के मिळाले. वाँड्सवर्थमध्ये ७५. पडद्यावरचं पिवळं-निळं पारडं क्षणात इकडे, क्षणात तिकडे.

त्या बेरजेवर डोळे लावून बसलेल्यांचे सगळ्यात जास्त हाल झाले. बेरीज खोटी नसते, पण ती फक्त कोणाचा निकाल आधी आला एवढंच सांगते. आपल्याकडेही पहिल्या फेऱ्यांत शहरातली मतं आधी मोजली गेली की अमुक आघाडीवर असं झळकतं आणि दुपारनंतर ग्रामीण भागातली मतं आली की चित्र फिरतं. गावातला कुठलाही मुरलेला कार्यकर्ता हे ओळखून असतो. तो विचारतो, कुठल्या गावच्या पेट्या झाल्या आणि कुठल्या राहिल्या? ब्रिटिश वाहिन्यांवर हे काम प्राध्यापक जॉन कर्टिस करत होते.

टक्केवारीचा काय संबंध?

मोठा. एकूण ७२.२ टक्के मतदान झालं, १९९२ नंतरच्या कोणत्याही सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा जास्त. जास्त मतदान म्हणजे रिमेनला फायदा, असं आधी धरलं जात होतं. पण वाढ कुठे झाली हे पाहिल्यावर घाम फुटावा. स्कॉटलंड, जो रिमेनचा गड, तिथे ६७ टक्क्यांवर अडकलं. लंडनमध्ये ७० च्या आत. त्या दिवशी लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये धो-धो पाऊस झाला, रेल्वे विस्कळीत झाल्या. त्यावर खापर फोडणारेही भेटतात. मला ते पटत नाही. पावसानं साडेबारा लाख मतं वाहून जात नाहीत. बंद पडलेल्या खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांतून, कित्येक वर्षं मतदान केंद्राचं तोंड न पाहिलेली माणसं त्या दिवशी बाहेर पडली होती. जनमत चाचण्या घेणाऱ्यांच्या यादीत ‘बहुधा मत देणार नाही’ या रकान्यात जी माणसं होती, तीच.

सगळ्यात अटीतटीची लढत कुठे झाली?

स्कॉटलंडमधल्या मोरे इथे रिमेन १२२ मतांनी जिंकलं. वॉटफर्डमध्ये लीव्ह २५२ मतांनी. पण मनाला लागावा असा निकाल बर्मिंगहॅमचा. एवढं मोठं, नाना देशांच्या माणसांनी भरलेलं शहर, आणि लीव्ह ३,८०० मतांनी पुढे. शेफील्डही लीव्ह. लीड्स कसंबसं रिमेन. उलट टोकाला लिंकनशरमधलं बॉस्टन, लीव्हला ७५.६ टक्के, भाजीच्या शेतांवर काम करायला पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांचं गाव.

आपल्या लोकांची वस्ती असलेली गावं सगळी रिमेन असतील असं धरून चालणाऱ्यांनी हे पाहावं: लेस्टर रिमेन, पण ५१ टक्क्यांनी. स्लाउ लीव्ह. हिलिंग्डन लीव्ह. युरोपातून कोणीही यावं आणि आमच्या चुलतभावाला मात्र व्हिसासाठी खेटे घालावे लागावेत, हा राग तिथल्या दक्षिण आशियाई घरांत खराखुरा होता. लीव्हच्या प्रचारकांनी तो ओळखून वापरला. ब्रेक्झिट झालं की तुमच्याकडच्या आचाऱ्यांना व्हिसा सोपा होईल, असं रेस्टॉरंटवाल्यांना सांगितलं गेलं.

निकाल नेमका कधी जाहीर झाला? प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतो.

कारण तो तीनदा जाहीर झाला. ब्रिटनच्या वेळेनुसार पहाटे ४ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास बीबीसीवर डेव्हिड डिंबलबी यांनी १९७५ चा निर्णय उलटला आहे असं सांगितलं. हा बीबीसीचा अंदाज होता. सहा वाजता लीव्हची मतं निम्म्याच्या वर, म्हणजे १,६७,७५,९९२ च्या पुढे गेली, हे गणित. आणि सात वाजून गेल्यावर मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये मुख्य मोजणी अधिकारी जेनी वॉटसन यांनी आकडे वाचले. हा अधिकृत निकाल.

लीव्ह १,७४,१०,७४२. रिमेन १,६१,४१,२४१. फरक १२,६९,५०१. टक्क्यांत ५१.९ आणि ४८.१. बाद मतं सुमारे २५ हजार, म्हणजे एवढ्या मोठ्या देशात नगण्य.

सव्वाआठला कॅमेरॉन १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारात आले. पत्नी बाजूला उभी. पायउतार होतो म्हणाले. १३ जुलैला थेरेसा मे पंतप्रधान झाल्या.

भारतात त्या सकाळी काय झालं?

वेळांचा योग पाहा. बीबीसीनं कौल सांगितला तेव्हा मुंबईत नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वानऊला शेअर बाजार उघडतो. एवढा वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. सेन्सेक्स हजार अंशांहून जास्त कोसळला, मग सावरत दिवसअखेर सुमारे ६०५ अंशांनी खाली, २६,३९७ वर बंद झाला. रुपया डॉलरमागे ६८ च्या जवळ गेला. टाटा मोटर्सचा शेअर जोरात आपटला, कारण जग्वार लँड रोव्हरचे कारखाने इंग्लंडात आणि गिऱ्हाइकं युरोपात. सोनं मात्र उसळलं. आमच्या गल्लीतल्या सराफाला ब्रेक्झिट म्हणजे काय हे त्या दिवशी दुपारपर्यंत तोंडपाठ झालं होतं.

रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी आठवडाभरापूर्वीच सप्टेंबरनंतर पदावर राहणार नाही असं सांगून टाकलं होतं. त्या दिवशी, लागेल तेवढी रोकड पुरवू असा दिलासा त्यांनाच द्यावा लागला.

पाउंड १.३३ डॉलरच्याही खाली जाऊन आला. १९८५ नंतरची सर्वांत खालची पातळी. मुलांना शिकायला इंग्लंडला पाठवलेल्या पालकांना तेवढाच आनंद. फी एका रात्रीत स्वस्त झाली.

स्कॉटलंडनं काय केलं?

३२ च्या ३२ विभागांत रिमेन, एकूण ६२ टक्के. उत्तर आयर्लंडही रिमेन, ५५.८ टक्के. इंग्लंड आणि वेल्स लीव्ह. एकाच देशात चार देश असल्याचं त्या सकाळी नकाशावर रंगांनी दिसलं. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडनं स्वतःच्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं होतं, तेव्हा ‘ब्रिटनमध्ये राहिलात तरच युरोपात राहाल’ हा प्रचारातला मोठा मुद्दा होता. ते आठवून एडिंबरामध्ये काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

सार्वमत बंधनकारक होतं का? दुसरं का नाही घेतलं?

कायद्यानं बंधनकारक नव्हतं, सल्ला होता. पण ‘तुम्ही ठरवाल ते करू’ असं घरोघर पत्रक पाठवून सांगितल्यावर सल्ला आणि आज्ञा यांत फरक उरत नाही. ६० टक्क्यांची अट असावी, नाहीतर फेरमतदान घ्यावं अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर ४० लाखांहून जास्त सह्या झाल्या. गंमत अशी की ती याचिका मतदानाच्या आधी, आपण हरू या भीतीनं लीव्हच्या एका समर्थकानंच टाकून ठेवली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये, ८ विरुद्ध ३ अशा बहुमतानं, संसदेची मंजुरी लागेल असं सांगितलं. संसदेनं दिली. ३१ जानेवारी २०२० रोजी रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडलं.

लोक एवढे का चिडले होते? शेवटी मतदानच ना?

मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, रिमेनचा प्रचार करणाऱ्या मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्याच मतदारसंघात भररस्त्यात खून झाला. प्रचार काही दिवस थांबवावा लागला. एवढं सांगितल्यावर वातावरणाबद्दल आणखी सांगायची गरज नाही.

आणि फूट घराघरांत होती. लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या त्या दिवशीच्या पाहणीत १८ ते २४ वयाच्या मतदारांपैकी ७३ टक्के रिमेन, तर ६५ च्या पुढचे ६० टक्के लीव्ह निघाले. म्हणजे आजी एकीकडे, नातू दुसरीकडे, आणि रविवारी जेवायला एकाच टेबलावर. निवडणुकीत हरलं तर पाच वर्षांनी बघू म्हणता येतं. इथे तारीख नव्हती.

आपल्याकडे असं कधी झालंय?

राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही, पण गोव्यात खास कायदा करून जनमत कौल घेतला गेला. १६ जानेवारी १९६७. प्रश्न: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा? चिन्हं दोन: विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. एका बाजूला मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष, दुसऱ्या बाजूला डॉ. जॅक सिक्वेरा. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं. हे पथ्य कॅमेरॉनना कोणी सुचवलं नाही. निकाल एका रात्रीत लागला नाही. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

महाराष्ट्रात हा निकाल अजूनही अनेकांना नीट माहीत नाही. कदाचित आपण हरलेल्या बाजूचे होतो म्हणून असेल. नंतर दोनच महिन्यांत गोव्यात निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारे बांदोडकर पुन्हा जिंकून मुख्यमंत्री झाले! लोकांनी माणूस ठेवला आणि त्याचं म्हणणं नाकारलं. सार्वमत आणि निवडणूक यांना एकाच फूटपट्टीनं मोजू नये, हे मला या एका उदाहरणातून जितकं कळलं तितकं ब्रिटनकडून कळलं नाही.

आणखी एक. गोव्याबाहेर, मुंबईत वगैरे राहणाऱ्या गोवेकरांनाही मत हवं अशी तेव्हा मागणी होती. ती मान्य झाली नाही. ४९ वर्षांनी स्विंडनच्या गोवेकराचंही तेच.

पुढच्या वेळी असा निकाल पाहायचा असेल तर?

एकूण बेरजेवर हाताचा पंजा ठेवा, म्हणजे ती दिसणार नाही. पार धावसंख्येचा तक्ता आधी मिळवा. पहिल्या जिब्राल्टरवर नाचू नका. कोणती गावं यायची राहिली आहेत याची यादी जवळ असू द्या. चलनबाजाराकडे एक डोळा ठेवा, पण निकाल यायला लागल्यानंतर. आधीच्या चढउतारात लोकांच्या आशाच दिसतात, आणि त्या रात्री दहा वाजता दीड डॉलरचा पाउंड हेच दाखवत होता. आणि मतदारयादीत कोण नाही, हेही एकदा बघा.

रात्रभर जागायची खरंच गरज होती का?

नव्हती. बहीण जागली नाही. दहा वाजता तिनं यूगव्हचा ५२-४८ आकडा पाहिला आणि निवांत झोपली. सकाळी फोनवर पुन्हा ५२-४८ दिसलं. म्हणजे बरोबरच निघालं, म्हणून ती चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. खिडकीतून शेजारीण दिसली, बागेत नुसतीच उभी. हिनं खिडकी उघडून विचारलं काय झालं, तेव्हा ती म्हणाली, “गेलें गो बाय.”

५२ कोणाचे, हे तिला तेव्हा कळलं.